मोझार्टचे आकडे जागेवर राहू द्या

सप्टेंबर २०२४ मध्ये साल्झबुर्गला मोझार्टच्या समग्र कृतींची नवी सूची प्रसिद्ध झाली. नील झास्लॉ या अमेरिकी अभ्यासकाकडे हे काम १९९३ मध्येच सोपवलं होतं. साल्झबुर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठाननं ते तडीला नेलं. तीस वर्षं चाललेल्या या कामातली जी गोष्ट जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलली, ती म्हणजे लाइपझिगच्या ग्रंथालयात मिळालेली तीन तंतुवाद्यांसाठीची एक छोटी सेरेनाद. पोरवयातल्या मोझार्टची बारा मिनिटांची 'नवी' रचना म्हटल्यावर बातमी होणारच. तिला के. ६४८ हा क्रमांक मिळाला (हे के. कुणाचं, ते पुढं येईलच). मला मात्र त्या ग्रंथातला दुसराच निर्णय जास्त मोलाचा वाटतो. १९३७ पासून मोझार्टच्या क्रमांकांची जी उलथापालथ करून ठेवली होती, ती संपादकांनी निस्तरली. १८६२ मध्ये दिलेले मूळ आकडे परत आणले. त्या जुन्या यादीत ज्यांना जागा नव्हती अशा रचनांना ६२७ पासून ७२१ पर्यंतचे पुढचे क्रमांक दिले, आणि क्रमांकावरून कालक्रम कळलाच पाहिजे हा हट्ट सोडून दिला.

हे फार आधी व्हायला हवं होतं. रचनेला एकदा दिलेला क्रमांक हलवू नये. तारीख चुकली, कर्ता चुकला, अगदी ती रचना दुसऱ्याच कुणाची निघाली, तरीही. बदलायचं ते नोंदीत बदलावं. सूचीकारांमध्ये या मताला विरोध करणारे विद्वान होते आणि आहेत, त्यांची बाजू पोकळ नाही. पण मोझार्टच्या सूचीचा इतिहास बारकाईनं पाहिला की ती टिकत नाही, असं मला वाटतं.

के. हे अक्षर लुडविग फॉन क्योखेल या गृहस्थांचं. १८०० मध्ये ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या श्टाइन गावी जन्म. शिक्षण कायद्याचं, नोकरी आर्चड्यूक कार्लच्या मुलांना शिकवण्याची, आणि उरलेलं आयुष्य वनस्पती, खनिजं आणि मोझार्ट यांच्या नादात. हे संगीताचे प्राध्यापक वगैरे नव्हते. हौशी माणूस, पण हौस अशी की तिच्यापुढं पेशा फिका पडावा. मोझार्टच्या कृती किती, कोणत्या, कुठं विखुरल्यात याचा कुणालाच पत्ता नाही, अशी तक्रार त्यांच्या एका मित्रानं १८५१ मध्ये पुस्तिका काढून केली. क्योखेलनी ती मनावर घेतली आणि अकरा वर्षांनी लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकांकडून ६२६ क्रमांकांची सूची बाहेर आली. पहिली रचना लहानग्या मोझार्टची, शेवटची रिक्वियेम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत. मधल्या सगळ्या काळानुसार, म्हणजे क्योखेलना जो काळ वाटला त्यानुसार.

त्यांच्या हाताशी एक अफलातून साधन होतं. मोझार्टनं फेब्रुवारी १७८४ पासून स्वतःच्या रचनांची एक वही ठेवली होती. डाव्या पानावर तारीख, रचनेचं नाव, वाद्यं. उजव्या पानावर त्याच रचनेचे सुरुवातीचे काही स्वर, दोन ओळींवर मांडलेले. एका पानावर पाच रचना. १७८८ च्या उन्हाळ्यातली पानं उघडली तर शेवटच्या तीन सिंफनी ओळीनं भेटतात: २६ जून, २५ जुलै, १० ऑगस्ट. वहीच्या वेष्टनावर त्यानं 'फेब्रुवारी १७८४ पासून' असं लिहून 'पर्यंत'च्या पुढं महिन्याची जागा मोकळी सोडली आणि सालासाठी नुसता १ काढून ठेवला. सतराशे की अठराशे, ते पुढं बघू. शेवटची नोंद नोव्हेंबर १७९१ ची आहे. पुढची पानं कोरी राहिली. ही वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या वहीमुळं १७८४ नंतरचे क्योखेलचे क्रमांक बरेचसे भक्कम आहेत. त्याआधीच्या वीसेक वर्षांसाठी मात्र वही नाही. हस्तलिखितांवर तारखा आहेत तिथं आहेत, नाहीत तिथं अंदाज. अंदाज चुकणार हे क्योखेलना ठाऊक होतं. १८६२ मध्ये मिळाली तेवढी माहिती त्यांनी क्रमात लावली, एवढंच.

मग १९३७ मध्ये आल्फ्रेड आइन्स्टाइन आले. सापेक्षतावादवाले नव्हेत, हे संगीताचे इतिहासकार. ज्यू म्हणून १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेला हा माणूस परदेशात बसून मोझार्टची सूची सुधारत होता आणि ती छापली गेली लाइपझिगलाच. विद्वत्तेबद्दल प्रश्नच नाही. पण त्यांनी ठरवलं की कालक्रमाची सूची आहे ना, मग कालक्रम चुकला असेल तिथं रचना उचलून योग्य जागी बसवायची. आता मधल्या जागी नवा पूर्णांक कुठून आणणार? म्हणून आकड्यांना अक्षरं चिकटली. पुढं १९६४ च्या सहाव्या आवृत्तीत आणखी रचना सरकल्या आणि अक्षरांनाही अक्षरं चिकटली. सगळ्यांच्या ओळखीची जी 'छोटी' जी मायनर सिंफनी, तिचा के. १८३ हा सुटसुटीत आकडा जाऊन १७३डीबी झाला. आपल्याकडं वाटण्या होत गेल्या की जमिनीच्या गट नंबराला जे पोटहिस्से फुटतात, तसलाच प्रकार. फरक एवढाच की जमिनीचे खरोखर तुकडे झालेले असतात. इथं सिंफनी होती तिथंच, होती तशीच होती.

वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी ते नवे आकडे स्वीकारले का? नाही. विद्वानांना नवा हवा, लोकांच्या तोंडी जुना, म्हणून ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर 'के. १८३/१७३डीबी' असे जोडआकडे छापायची वेळ आली. एका रचनेचे दोन पत्ते, आणि दोन्ही वाचल्याशिवाय खात्री नाही. ज्या गोंधळातून सुटण्यासाठी सूची केली, तोच गोंधळ सूचीच्या आत शिरला.

आता त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट. ए मेजरमधला तो पियानो सोनाटा, ज्याच्या शेवटी 'तुर्की' धाटणीचा तुकडा येतो. तो तुकडा तर मोबाइलच्या रिंगटोननं घराघरात पोचवला. क्योखेलचा क्रमांक ३३१, म्हणजे १७७९ च्या आसपासच्या रचनांच्या शेजारी. आइन्स्टाइन यांना तो १७७८ च्या उन्हाळ्यात, पॅरिसच्या मुक्कामात लिहिलेला वाटला, म्हणून तो मागं नेऊन ३००आय केला. पुढं मोझार्टच्या हस्ताक्षरात वर्षागणिक होत गेलेले बदल कुणी तपासले, कागदावरचे जलचिन्हांचे ठसे कुणी तपासले. अॅलन टायसन या इंग्रज अभ्यासकानं तर अशा कागदांवरून कित्येक रचनांच्या तारखा हलवल्या. या सोनाट्याचा काळ १७८३ च्या सुमाराचा ठरला. म्हणजे ज्याला मागं सरकवलं होतं त्याला प्रत्यक्षात पुढं जायला हवं होतं! 'सुधारलेला' आकडा मूळच्या चुकीपेक्षा जास्त चुकीचा निघाला. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात याच सोनाट्याची मोझार्टच्या हातची चार पानं सापडली आणि छापील प्रतींतले काही स्वरसुद्धा दुरुस्त करावे लागले. ज्ञान पुढं सरकतंय, सरकणारच. पण दर वेळी पाटी बदलायची म्हटली तर हा सोनाटा आजवर तीन घरं फिरला असता.

एक गंमत अजून सांगितली जाते. क्योखेल क्रमांकाला २५ नं भागा, त्यात १० मिळवा, की मोझार्टचं तेव्हाचं वय येतं. शंभराच्या पुढच्या क्रमांकांना हे साधारण लागू पडतं. ५५० ला करून बघा: २२ अधिक १० म्हणजे ३२, आणि १७८८ मध्ये मोझार्ट ३२ चाच होता. ३३१ ला केलं तर २३ येतं. प्रत्यक्षात तो तेव्हा २७ चा होता. हिशेब चुकला म्हणून ३३१ बदलायचा, की क्रमांकावरून वय काढायची सवय सोडायची? मला दुसरं सोपं वाटतं.

विरोधी मत असं की कालक्रमाची सूची हाच एक युक्तिवाद असतो. सगळ्या कृती लिहिल्या गेल्या त्या क्रमानं समोर ठेवल्या की कलावंत वाढताना दिसतो. चुकीच्या जागी बसलेली रचना त्या चित्रात खोटं बोलते. आइन्स्टाइन यांना हेच अभिप्रेत असणार, आणि भूमिका प्रामाणिक आहे. पण तो युक्तिवाद नोंदींच्या मांडणीत करता येतो, कोष्टकात करता येतो, प्रस्तावनेत करता येतो. त्यासाठी आकडाच कशाला वापरायचा, जो जगातल्या हरेक ग्रंथालयाच्या कार्डावर, छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर आणि वादकाच्या डोक्यात आधीच जाऊन बसलाय? क्योखेल स्वतः वनस्पतींचे अभ्यासक होते, आणि वनस्पतिशास्त्रानं हा प्रश्न त्यांच्या हयातीतच हाताळला. १८६७ च्या पॅरिसच्या परिषदेत नामकरणाचे जे नियम ठरले, त्यांचा गाभा हा की आधी रीतसर दिलेलं नाव टिकतं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसनं एका निळ्या फुलाच्या कंदाला 'पेरुव्हियाना' म्हटलं. ती वनस्पती पेरूची नाही, भूमध्य समुद्राच्या आसपासची आहे. सगळ्यांना माहीत आहे, तरी नाव आजही पेरुव्हियानाच. नाव ओळखण्यासाठी असतं, भूगोल शिकवण्यासाठी नव्हे, हे बागेतल्या माणसांना पटलं. संगीतशास्त्राला पटायला आणखी दीडशे वर्षं लागली.

सिंफनींच्या क्रमवारीनं तर याहून जास्त घोळ घातलाय. मोझार्टच्या सिंफनी ४१ असं आपण सर्रास म्हणतो. त्यातली ३७ वी मोझार्टची नाहीच. ती योझेफ हायडनचा धाकटा भाऊ मिखाएल याची. मोझार्टनं तिच्या सुरुवातीला संथ लयीचा छोटा भाग जोडला होता. हे १९०७ मध्ये उघड झालं. तिसरी आहे कार्ल फ्रीड्रिख आबेलची. लंडनमध्ये असताना लहानग्या मोझार्टनं ती उतरवून घेतली, आणि हस्ताक्षर त्याचं म्हणून रचनाही त्याची धरली गेली. दुसरीही त्याची नसावी असंच मानतात. शिवाय यादीबाहेरच्या खऱ्याखुऱ्या सिंफनी कितीतरी. म्हणजे ४१ हा आकडा ना खरी मोजणी, ना खरा क्रम. तरी शेवटच्या, ४१ व्या 'ज्युपिटर' सिंफनीला कुणी ३८ वी म्हणायला निघालं नाही, आणि त्याचं कारण साधं आहे: ४१ म्हटलं की सगळ्यांना कळतं. यादीत भोकं राहिली तर राहू द्यात. भोकाशेजारी एक टीप लिहिली की काम भागतं.

शुबर्टच्या बाबतीत ही समजूत दाखवली गेली नाही. त्याची सी मेजरमधली भव्य सिंफनी शूमानला १८३९ च्या सुरुवातीला व्हिएन्नात शुबर्टच्या भावाकडं मिळाली आणि त्याच मार्चमध्ये मेंडेल्सोननं ती लाइपझिगला वाजवली. तिचा क्रमांक झाला सातवा. 'अपूर्ण' सिंफनी लोकांसमोर आली १८६५ मध्ये, म्हणून ती आठवी. इंग्रजी जगानं पुढं ठरवलं की भव्य सिंफनी नंतरची, म्हणून ती नववी, आणि सातवी म्हणून एक नुसता आराखडा धरायचा. १९७८ च्या सुधारित जर्मन सूचीनं तो आराखडा वगळला, 'अपूर्ण' सातवी केली आणि भव्य आठवी. आज बर्लिनच्या कार्यक्रमपत्रिकेत 'अपूर्ण' सातवी असते आणि लंडनच्या रेकॉर्डवर आठवी. सात म्हणजे कोणती, आठ म्हणजे कोणती, हे छापणाऱ्याचा देश आणि साल कळल्याशिवाय सांगता येत नाही.

यातून सोडवतो कोण, तर ऑटो एरिख डॉइच. व्हिएन्नातून नाझींमुळं परागंदा होऊन केंब्रिजला स्थिरावलेल्या या माणसानं १९५१ मध्ये शुबर्टची सूची इंग्रजीत प्रसिद्ध केली. डी. ७५९ म्हणजे 'अपूर्ण', डी. ९४४ म्हणजे भव्य. सिंफनीचा क्रमांक काहीही असो, हे दोन आकडे जागचे हलले नाहीत. शुबर्टला सूचीची गरज मोझार्टपेक्षाही जास्त होती, कारण त्याचे ओपस क्रमांक, म्हणजे छापताना रचनांना पडलेले आकडे, वाचून काहीच हाती लागत नाही. ओपस १ आहे 'एर्लक्योनिश'. ते गाणं १८१५ चं, छापलं १८२१ मध्ये, आणि छापण्याआधी शुबर्टनं शेकडो गाणी लिहून ठेवली होती. डॉइचच्या यादीत तेच गाणं ३२८ वं आहे.

ओपस क्रमांकांवर मी फार वेळ घालवणार नाही. तो मूळचा प्रकाशकांचा हिशेब. बीथोवनचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो पहिल्याच्या आधी लिहायला घेतलेला. पण छापला नंतर, म्हणून तो दुसरा. त्याचं तरुणपणीचं वाद्याष्टक मृत्यूनंतर छापलं गेलं आणि मोकळ्या राहिलेल्या १०३ क्रमांकावर जाऊन बसलं. ज्यांना ओपस मिळालाच नाही त्यांच्यासाठी किन्स्की आणि हाल्म यांनी १९५५ मध्ये 'ओपसविना' असा वेगळा वर्ग केला. 'फ्युर एलिझे' त्यातच ५९ वर आहे.

क्रमांक बदलायला हवाच होता असं एक उदाहरण मात्र मला मान्य करावं लागतं, ते द्वोर्झाकचं. 'न्यू वर्ल्ड' सिंफनी जुन्या रेकॉर्डांवर पाचवी म्हणून मिळते. हयातीत छापलेल्या सिंफनी पाचच होत्या आणि त्यांचे क्रमांक छपाईच्या क्रमानं पडले होते. पहिली तर त्यानं जर्मनीतल्या एका स्पर्धेला पाठवली, परत आलीच नाही. सापडली १९२३ मध्ये. बर्लिनचा प्रकाशक झिमरॉक यानं आणखी एक कारभार केला. १८७५ मधली एफ मेजरची सिंफनी, मूळची ओपस २४, त्यानं १८८८ मध्ये ओपस ७६ म्हणून बाजारात आणली, म्हणजे गिऱ्हाइकाला माल ताजा वाटावा. द्वोर्झाकनं हरकत घेतली, उपयोग झाला नाही. आता ती पाचवी आहे आणि 'न्यू वर्ल्ड' नववी, आणि हा बदल रुजला. पण तो का रुजला तेही बघा. इथं क्रम ठरवणारा आकडा व्यापाऱ्यानं दिलेला होता आणि चार आख्ख्या सिंफनी मोजणीबाहेर होत्या. हे 'पहिली, दुसरी, तिसरी'चं दुखणं आहे. पहिली म्हटलं की तिच्या आधी काही नाही असा दावा आपोआप होतो. सूचीक्रमांकानं असा दावा करायचंच कारण नाही, आणि म्हणून त्याला ही शस्त्रक्रिया लागतही नाही.

बाखचा सूचीकार वोल्फगांग श्मीडर या बाबतीत सगळ्यात शहाणा निघाला. १९५० मध्ये त्यानं कालक्रमाच्या वाटेला न जाता प्रकारानुसार क्रमांक दिले: आधी कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या, बहुतेक चर्चमधल्या रचना), मग पॅशन (ख्रिस्ताच्या यातनांची गीतकथा) वगैरे, पुढं ऑर्गन, पुढं बाकीची वाद्यं. बीडब्ल्यूव्ही (हे श्मीडरच्या सूचीचं लघुरूप) १ ही बाखची पहिली रचना नाही, १७२५ ची कँटाटा आहे; बाख सोसायटीच्या १८५१ च्या पहिल्या खंडात ती पहिली होती म्हणून पहिली. कुणालाच त्यातून वय काढता येत नाही, आणि कुणी काढायलाही जात नाही. २००५ मध्ये वायमारच्या ग्रंथालयात एक अज्ञात गीत मिळालं, त्याला ११२७ दिला, झालं. २०२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत नोंदी पार बदलल्या, ओळखीचे क्रमांक तसेच राहिले. अशा पद्धतीत तोटेही आहेत. विवाल्दीच्या सूचीत डॅनिश अभ्यासक पेटर र्‍योमनं कॉन्चेर्ता स्वरांनुसार लावले, त्यामुळं एका कुटुंबातले चार ऋतू चार ठिकाणी गेले: वसंत २६९, ग्रीष्म ३१५, शरद २९३, हेमंत २९७. दिसायला विचित्र, पण चालतं.

स्कार्लाट्टीचं उदाहरण उलट्या बाजूचं. आलेस्सांद्रो लोंगोनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे सोनाटे आपल्या आवडीनं सुइटमध्ये बांधले आणि जुन्या हस्तलिखितांत शेजारी-शेजारी असलेल्या जोड्या फोडल्या. ए मेजरमधले दोन जुळे सोनाटे लोंगोकडं २३८ आणि ४२८ वर आहेत; १९५३ मध्ये राल्फ कर्कपॅट्रिकनं त्यांना पुन्हा २०८ आणि २०९ असं शेजारी आणलं. ५५५ सोनाट्यांची त्याची सूची सगळ्यांनी उचलली. तोही तिला कालक्रम म्हणत होता, आणि स्कार्लाट्टीच्या हातची हस्तलिखितंच नसल्यानं त्या कालक्रमावर आज फारसा कुणाचा विश्वास नाही. तरी क्रमांक टिकले, कारण ते सोयीचे आहेत. फक्त एक पंचाईत: कर्कपॅट्रिकचंही अक्षर के.! के. ४६६ म्हटलं तर मोझार्टचा डी मायनर पियानो कॉन्चेर्तो की स्कार्लाट्टीचा एफ मायनर सोनाटा? विद्वान केके. लिहून वेगळं करतात. गाणी ऐकवणाऱ्या अॅपला हे कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक तुकडा एक 'साँग', कलाकार म्हणजे कधी संगीतकार, कधी पियानोवादक, कधी नुसता वाद्यवृंद. सूचीक्रमांक नावातच कुठंतरी कोंबलेला, कधी के., कधी केव्ही., कधी नाहीच. आज श्रोत्यांपर्यंत सूची पोचते ती ग्रंथालयातून नव्हे, या खिडकीतून. २०२३ मध्ये अॅपलनं शास्त्रीय संगीतासाठी वेगळं अॅप काढलं आणि त्यात क्रमांकानं शोधता येतं, हे चांगलंच झालं. पण ही सोय वेगळ्या दुकानात का असावी? सूचीक्रमांकाला स्वतंत्र रकाना देणं ही काही अवघड कारागिरी नाही. आणि तो रकाना भरवशाचा राहायचा असेल तर त्यातला आकडा दर पिढीला बदलून चालणार नाही. कागदावर दोन आकडे तिरपी रेघ मारून छापता येत होते, यंत्राला एकच कायमची ओळख लागते.

आपल्याकडच्या वाचकाला इथं हमखास प्रश्न पडतो की मग बंदिशींची अशी सूची का नाही. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत हजारावर बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. त्यांना क्रमांक द्यायला कुणाची ना होती? माझ्या मते तिथं क्रमांक निरुपयोगी आहे. एकच बंदिश दोन घराण्यांत दोन चालींनी, कधी वेगळ्या शब्दांनी गायली जाते, आणि त्यातली 'मूळ' कोणती हा प्रश्न गवय्यांनाच फारसा सतावत नाही. आपण बंदिश ओळखतो ती राग, ताल आणि मुखड्यावरून. गंमत म्हणजे क्योखेलच्या सूचीचंही खरं काम मुखडाच करतो. प्रत्येक नोंदीत रचनेचे सुरुवातीचे स्वर छापलेले असतात. आकडा पुसला तरी त्या दोन ओळी वाचून रचना ओळखता येते. मोझार्टनं आपल्या वहीत नेमकं तेच केलं होतं, क्रमांक टाकले नव्हते.

क्रमांकापेक्षा कळीचा प्रश्न आहे तो सूचीत जागा कुणाला मिळते हा. १९७० मध्ये एका 'ईस्टर' सोनाट्याचं हस्तलिखित समोर आलं. वर एफ. मेंडेल्सोन असं नाव, म्हणून तो फेलिक्सचा ठरवून ध्वनिमुद्रितही झाला. २०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकी संशोधिकेनं दाखवलं की हा १८२८ चा सोनाटा त्याच्या बहिणीचा, फानीचा. फानीच्या एका वहीतून पानं गायब होती आणि या हस्तलिखितावरचे पानक्रमांक त्या गाळलेल्या जागेत चपखल बसले. फानीच्या कृतींची समग्र सूची निघाली २०००साली, तिच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी. भावाच्या आकड्यांवर वाद घालायला मंडळी पिढ्यान्‌पिढ्या होती. बहिणीला आकडेच नव्हते. बाकीच्यांच्या सूची चार-चारदा सुधारण्यात जी विद्वत्ता आणि जो पैसा खर्च होतो, त्यातला काही भाग ज्यांची पहिली सूचीही झालेली नाही त्यांच्याकडं वळावा. माझ्या मते क्रमांक गोठवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. खुर्च्या हलवण्यात जाणारा वेळ वाचतो.

सूची उघडी हवी, हेही ओघानं आलं. अशा ग्रंथांच्या किमती व्यक्तीला सोडाच, आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांनाही झेपत नाहीत. मोझार्टेउमनं क्योखेलची सूची इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. लाइपझिगच्या बाख संग्रहानंही नोंदी आणि हस्तलिखितांच्या प्रतिमा खुल्या केल्यात. पणजीतल्या किंवा वांद्र्यातल्या पियानो शिकवणाऱ्या बाईंना आता एखाद्या तुकड्याचा खरा कर्ता कोण ते दोन मिनिटांत बघता येतं. बघायला हवंही. कारण लंडनच्या परीक्षांसाठी गोवा-मुंबई-पुण्यात पियानो शिकणारं जवळपास प्रत्येक पोर कधी ना कधी जी मेजरमधला तो मेन्यूएट वाजवतं, आणि पुस्तकावर कित्येकदा अजूनही बाखचंच नाव असतं. तो ख्रिस्टियान पेट्झोल्टचा आहे, हे १९७० च्या दशकातच सिद्ध झालंय. बाखच्या बायकोच्या वहीत तो उतरवलेला होता, म्हणून बाखच्या नावावर गेला. बाखच्या सूचीत तो परिशिष्टात, ११४ क्रमांकावर आहे आणि तिथंच राहिला तरी हरकत नाही. असल्या शिकवणीच्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी पुढच्या छपाईत वर पेट्झोल्ट लिहावं, आणि शेजारचा ११४ तसाच ठेवावा.